तुम्ही विचारलंत म्हणून: थंडीत खिडकी उघडी का?

जानेवारीत आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढायच्या आत हेच विचारतो. काही जण तर पुढे होऊन स्वतःच खिडकी लावून टाकतात. मी उठतो आणि परत उघडतो. चार बोटं, जास्त नाही. माझ्यामागे काय बोललं जातं तेही मला ठाऊक आहे. हीटर लावत नाही म्हणून कंजूष, खिडकी लावत नाही म्हणून वेडा. यंदा मेहुण्यांनी पुन्हा विचारलं. आता एकदाच लिहून ठेवतो.

धुळ्याची थंडी तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात भट्टी होणारा हाच स्लॅब जानेवारीत पहाटे बर्फाच्या लादीसारखा डोक्यावर असतो.

आणि हीटर आहे माझ्याकडे. माळ्यावर खोक्यात पडलाय. दोन हजार वॉटचा. म्हणजे तासाला दोन युनिट, रात्रीचे आठ तास धरले तर सोळा, महिन्याला चारशे ऐंशी. बिलाचे टप्पे शंभर, तीनशे, पाचशे असे चढत जातात आणि दरही त्यांच्याबरोबर चढतो. २०१७च्या डिसेंबरचं बिल पाहून मी तो हीटर उचलून ठेवला. यात लपवण्यासारखं काही नाही. नोकरदार माणूस बिल बघतोच.

हीटर ठेवला आणि घर बंद करायला घेतलं. स्लायडिंग खिडक्यांच्या फटींना फोमची पट्टी, दाराखाली आईच्या जुन्या लुगड्याची वळकटी, एक्झॉस्टच्या भोकाला पुठ्ठा. खोलीत खरोखर फरक पडला. मला फार अभिमान वाटला होता, हेही सांगतो. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं होतं.

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. दोन गोधड्या, स्वेटर, कानटोपी, तरी रात्री म्हणायची, "माले हीव वाजस." एका रात्री तिनंच शेगडीचं काढलं. गावाकडे धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छपराच्या, घरात शेगडीशेजारीच आम्ही वाढलो, तेव्हा कुठे काय झालं? मलाही पटलं. कोळसा स्वस्त, आईची सवय जुनी. अंगणात घमेल्यात कोळसे पेटवले, धूर पूर्ण जाईपर्यंत थांबलो, लाल निखारे झाल्यावरच घमेलं तिच्या खाटेजवळ आणलं. धूर नाही म्हणजे धोका नाही, असा माझा हिशेब. दार लावलं, वळकटी नीट सरकवली. तिला रात्री उठावं लागतं म्हणून मीही त्याच खोलीत खाली गादी टाकून झोपलो. इतक्या दिवसांनी आई न कुरकुरता झोपली होती.

जाग आली ती उलटीच्या आवाजानं. आई खाटेच्या कडेला वाकली होती आणि काहीबाही बोलत होती. मला उठायचं होतं. डोकं ठणकत होतं, पण ते सोडा. पाय माझे नव्हतेच. उभा राहिलो तो भिंतीवर आदळलो. खिडकी दोन हातांवर होती आणि मला तिची कडी आठवेना. स्वतः बसवलेली खिडकी! बायको पलीकडच्या खोलीतून धावत आली, तिनं दार ढकललं तेव्हा वळकटीमुळे ते अडलं. तो दोन-तीन क्षणांचा अडथळा. मी केलेला.

दवाखान्यात आईच्या बोटाला यंत्र लावलं तर ९८ आकडा. मी म्हटलं, ऑक्सिजन तर चांगला आहे. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आकड्याकडे बघितलंही नाही. "खोलीत शेगडी होती का?" कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो, आणि बोटावरचं ते यंत्र फसतं, त्यालाही ऑक्सिजनच समजतं. धूर विझला म्हणून मी निर्धास्त झालो होतो. वायू तर निखाऱ्यांतूनच येत होता. आईला मास्क लावला, रक्त तपासलं, आणि डॉक्टरीणबाईंचं बरोबर निघालं.

धाब्याला धूर जायला वर भोक असायचं. दाराच्या फळ्यांतून बाहेरचं अंगण दिसायचं. शेगडी तीच, घर ते नव्हतं, आणि ते घर राहू नये म्हणून महिनाभर फटी बुजवणारा मीच.

आई पाच दिवसांत घरी आली. तिसऱ्या आठवड्यात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठात दोनदा मीठ घातलं. मग मला माझ्या वारलेल्या काकांच्या नावानं हाक मारू लागली. डॉक्टर म्हणाले, या वायूचा परिणाम कधी कधी असा आठवड्यांनीही दिसतो. पण या वयात हे एरवीही होऊ शकतं. दोन वर्षांनी ती गेली, दुसऱ्याच आजारानं. ताई अजून म्हणते, "चार पैसे वाचवायला गेलास." मी चिडतो. पैसे वाचवणं हा गुन्हा नव्हता, फटी बुजवणं चुकीचं नव्हतं, दोन्ही मी आजही करीन. फक्त बंद खोलीत विस्तव नको होता. हे म्हणून झालं की माझं मलाच ऐकू येतं: हीटर तर घरातच होता ना रे? होता. पन्नास पावलांवर, माळ्यावर.

आता काय करतो म्हणाल, तर खोली तापवायच्या भानगडीत पडत नाही. खाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत घेतली. जाड गोधडी अंगावर नाही, अंगाखाली घालतो, कारण थंडी खालूनच जास्त चढते. दुपारी दक्षिणेचे पडदे उघडे ठेवून ऊन आत घेतो, सूर्य मावळायच्या आत ओढून घेतो. झोपताना पायाशी गरम पाण्याची पिशवी. शंभर वॉटचं विजेचं पांघरूण आणलंय, ते अर्धा तास लावून अंथरूण ऊबदार झालं की बंद. रात्री कळण्याची भाकरी, ठेचा, वर तेल. हीटर मात्र माळ्यावरून उतरवलेला नाही. का, ते मला विचारू नका.

खिडकीचं उत्तर इतकं सरळही नाही. आमच्या घरात आता विस्तव नसतो. गॅस गिझर काढून टाकला. मग चार बोटं कशासाठी? मेहुणे इंजिनिअर आहेत, त्यांनी हेच विचारलं आणि त्यांचं बरोबर होतं. गेल्या आठवड्यात त्यांच्या समाधानासाठी एक रात्र मी खिडकी लावली. दोनच्या सुमाराला उठलो, कडी चाचपली. सापडली.

उघडली, आणि झोपलो.