खुनाच्या आरोपीला जामीन मिळतोच कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जामिनाच्या टप्प्यावर न्यायालय गुन्हा शाबीत झाला का, हे ठरवत नाही. आरोपी पळेल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, खटला कधी उभा राहील, हे बघतं. पुरावा वरवर चाळला जातो, तोलला जात नाही.

खुनात दंडाधिकारी सहसा जामीन देत नाहीत. आरोपी बालक, स्त्री किंवा आजारी असेल तर देऊ शकतात. एरवी अर्ज सत्र न्यायालयात, तिथे फेटाळला तर उच्च न्यायालयात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 483 खाली. तिथे झटापट कागदांवर होते. नाव फिर्यादीत होतं की नंतर पुरवणी जबाबात आलं? वार कुणी केला आणि नुसतं हजर कोण होतं? हत्याराच्या पंचनाम्यातले पंच कोण? सहआरोपी सुटला म्हणून मलाही सोडा, हा मुद्दा चालतो, पण भूमिका सारखी असेल तरच. निम्मे अर्ज इथे उगाच वाया घालवले जातात, असं माझं मत.

दुसरी वाट दिवस मोजण्याची. अशा गुन्ह्यात 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, मग गुन्हा कितीही भयंकर असो. (दहा वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना 60 दिवस.) मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून (न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासून), आणि तो दिवस धरून. 91व्या दिवशी अर्ज द्यायला उशीर झाला आणि तेवढ्यात पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं, की हक्क संपला.

विशेष कायद्यांत पारडं उलटं. व्यापारी प्रमाणात अमली पदार्थ सापडले तर अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या कलम 37 प्रमाणे, आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी दोन्ही बाबतींत खात्री पटावी लागते. यूएपीएत, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन बंद, आणि तपासाची मुदत न्यायालय 180 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. तरी खटला रेंगाळून आरोपी वर्षानुवर्षं आत राहिला तर घटनेतलं कलम 21 (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) पुढे येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली नजीब प्रकरणात मान्य केलं.

आदेश झाल्यावरही गरीब माणूस आतच राहतो, कारण ऐपतदार जामीनदार मिळत नाही. महिनाभरात जामीन भरता आला नाही तर अट सैल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलंय. वाट न बघता तसा अर्ज द्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्यासाठी फी घेत नाही.