एका सुताचा फरक

सुताराच्या हिशेबात एका इंचाचे आठ भाग असतात आणि त्या प्रत्येक भागाला सूत म्हणतात. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाऊण इंच म्हणजे सहा सूत. हे मला वयाच्या ६१व्या वर्षी कळले. तोपर्यंत सूत या शब्दाशी माझी ओळख एक तर वातीपुरती होती, नाही तर त्यावरून स्वर्ग गाठणाऱ्या मंडळींपुरती. माझी ३६ वर्षांची नोकरी बँकेत झाली. संगणक येण्यापूर्वी संध्याकाळी शिल्लक जुळली नाही, तर फरक एका रुपयाचा असो की एका लाखाचा, तो सापडल्याशिवाय कोणी घरी जात नसे. खिशातला रुपया घालून हिशेब मिटवावा असे नवख्या माणसाला हमखास वाटे, आणि तसे करायचे नसते हा त्याचा पहिला धडा असे. आलेल्या फरकाला नऊने भाग गेला, तर कुठे तरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, ५४च्या जागी ४५ लिहिले गेले आहेत, असे समजून आम्ही खतावण्या उलटायला लागायचो. असा माणूस लाकूडकामाला लागला, तर तो आणखी कशातही चुकेल, पण मोजमापात चुकणार नाही, अशी माझी समजूत होती.

घराच्या मागच्या बाजूला स्कूटरसाठी घातलेली पत्र्याची शेड आहे. स्कूटर विकली आणि आठ फूट बाय दहा फुटांची ती जागा रिकामी झाली, तेव्हा मी पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन एक करवत, लाकूड तासायचा एक लोखंडी रंधा, खाचा कोरायच्या तीन पटाश्या, काटकोन पाहायचा एक गुण्या आणि धार लावायचा दगड घेऊन आलो. "अहो, एवढ्या पैशांत तयार शेल्फ आलं असतं," असे सौभाग्यवती म्हणाल्या आणि थोडे थांबून त्यांनी पुढे जोडले, "आणि सरळ आलं असतं." कामाचा ओटा म्हणून जुन्या घराचा एक दरवाजा दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकला. ओटा करायला आधी ओटा लागतो, या कोड्यातून त्या दरवाजाने मला सोडवले. कडीचे भोक अजून त्याच्यात आहे आणि पेन्सिल न चुकता त्यातूनच खाली पडते.

पहिले काम साधे होते. मसाल्याच्या बाटल्यांसाठी एक मांडणी करायची होती आणि तिला ९ इंचांचे चार आडवे तुकडे हवे होते. फळी बरोबर ३६ इंचांची होती. ९, १८ आणि २७ इंचांवर मी गुण्याने तीन रेघा मारल्या, रेघेच्या उजव्या अंगाला करवत लावली आणि अतिशय सावकाश, घाम पुसत, तिन्ही काप पूर्ण केले. पहिला तुकडा ९ इंचांचा भरला. उरलेले तिन्ही प्रत्येकी अर्धे सूत कमी भरले. मी टेप तपासला, रेघा तपासल्या, पुन्हा मोजले आणि नाइलाजाने नऊने भाग जातो का हेही मनातल्या मनात पाहिले. फरक अखेर सापडला तो पायाशी, फरशीवर पडलेल्या भुशात. करवतीलाही जाडी असते, तिचे दात आलटून पालटून दोन्ही बाजूंना वाकवलेले असल्यामुळे तिचा घास पात्याहूनही रुंद असतो, आणि प्रत्येक काप आपली दस्तुरी काढून घेतो. तीन कापांचे दीड सूत असे गेले होते. बँकेत आम्ही पोस्टाच्या तिकिटाचा खर्चसुद्धा नोंदवत होतो, आणि इथे मी भुशाचे खातेच उघडलेले नव्हते.

लाकूड आणायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात जायची सवय त्यानंतर लागली. तिथला हिशेब घनफुटाचा असतो. ६ फूट लांब, ९ इंच रुंद आणि १ इंच जाड फळी म्हणजे ०.३७५ घनफूट, हे मी दुकानदाराच्या आधी तोंडी सांगितले. त्याच्यावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. पाडलेल्या वाड्यांतून निघालेला जुना साग तिथे मिळतो, आणि खिळ्यांची काळी भोके, चुन्याचे डाग, एखाद्या कडेला उरलेला हिरवा तैलरंग असे सगळे अंगावर घेऊन तो उभा असतो. घरी आणून रंधा मारला, की ती इंची फळी सहा-सात सुतांची उरते. म्हणजे पैसे आठ सुतांचे द्यायचे आणि वापरायची साडेसहा. या व्यवहाराबद्दल माझ्या मनात बरेच दिवस अढी होती, पण साडेसहा सुतांवर आल्यावर आतून जो रंग आणि जो वास बाहेर आला, त्यानंतर मी तक्रार मागे घेतली. शंभर पावसाळे पाहिलेल्या त्या लाकडाला अजूनही कमावलेल्या चामड्यासारखा तेलकट वास येत होता.

रंध्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण पहिले दोन महिने मी रंधा मारत नव्हतो, रंधा मला मारत होता. तो अडखळे, उड्या मारी, लाकडाचे तुकडे उपटून काढी. दोष हाताच्या ताकदीचा असावा असे वाटून मी अधिक जोर लावत असे आणि खांदे धरून बसत असे. खरी गोष्ट अशी होती, की दुकानातून आलेल्या रंध्याच्या पात्याला धारच नसते. ती आपण लावायची असते. दगडावर पाण्याचे चार थेंब टाकून पाते साधारण ३० अंशांत धरायचे, आणि मागच्या सपाट बाजूला वळलेल्या धातूची केसासारखी कड बोटाला लागेपर्यंत घासायचे. मग पाते उलटे करून ती कड काढून टाकायची. सागात वाळूचाच मुख्य घटक, सिलिका, सूक्ष्म कणांच्या रूपात असतो, त्यामुळे अर्ध्या तासात धार पुन्हा बोथट होते. माझ्या शेडमधला निम्मा वेळ दगडावर जातो, लाकडावर नाही. शिवाय लाकडाला दिशा असते. रेषा ज्या बाजूला वर चढत जातात त्याच बाजूला रंधा न्यायचा. उलटा नेला की पृष्ठभाग उचकटतो. हे दोन्ही जमले त्या सकाळी रंध्याच्या तोंडातून पहिल्यांदाच भुगा न येता चार फूट लांबीची सलग ढलपी बाहेर आली, सिगारेटच्या कागदाइतकी पातळ आणि गोल गोल वळलेली. रंध्याचा आवाजही बदलला होता. खरखर जाऊन लांबलचक श्वास सोडल्यासारखे काही ऐकू येत होते. ती ढलपी मी घरात नेऊन दाखवली. "छान," सौभाग्यवती म्हणाल्या, "आता शेल्फ दाखवा."

शेजारच्या इमारतीत त्या दिवसांत एका स्वयंपाकघराचे काम चालू होते. तिथले मिस्त्री साताऱ्याकडचे, साठीच्या आसपासचे. दुपारचा डबा खाऊन ते फाटकाशी उभे राहून माझे काम पाहत. एकदा मी खाच मोजत होतो, मग तिच्यात बसायचे दुसऱ्या तुकड्याचे टोक, म्हणजे कुसू, मोजत होतो, मग पुन्हा खाच मोजत होतो, तेव्हा त्यांना राहवले नाही. "साहेब, मोजताय कशाला? जिथं बसायचंय तिथंच धरा अन् खूण मारा." मी दोन्ही तुकडे त्यांच्याकडे दिले. ते फरशीवर उकिडवे बसले, त्यांनी एक तुकडा दोन्ही पायांच्या अंगठ्यांमध्ये असा धरला की माझ्या शिकंजातही तो इतका घट्ट बसला नसता, दुसरा त्यावर ठेवला, पटाशीच्या टोकाने एक बारीक ओरखडा काढला आणि तीन ठोक्यांत काम संपवले. टेप लागला नाही. कुसू खाचेत गेले तेव्हा बाटलीचे बूच बसावे तसा आवाज झाला. "आता हे कोण करून घेतं," ते उठता उठता म्हणाले. "सगळं प्लायवूड. आमच्या हातातनं पटाशी गेली साहेब, स्क्रू मारायचं मशीन आलं." मशीन आल्याचे त्यांना वाईट वाटत होते असे मात्र नाही, गुडघे वाचले, असेही त्यांनीच सांगितले.

त्यांच्या पद्धतीने केलेले पहिले स्टूल मी शेडमध्ये उभे केले, तर ते डुगडुगले. मी एक पाय अर्धे सूत कमी केला, मग समोरचा. लोण्याची वाटणी करणारे माकड मला अधूनमधून आठवत होते, पण हात थांबत नव्हता. स्टूल अखेर स्थिर झाले. घरात नेऊन टाइल्सवर ठेवले, तर पुन्हा डुगडुगले. शेडमधली शहाबादी फरशी दिसायला सपाट आहे, एवढेच. आधीचे स्टूल बहुधा बरोबर होते आणि मी ते त्या एका फरशीच्या मापाने बिघडवून ठेवले होते. जुन्या घरांत पाण्याचा हंडा ठेवायला तिवई का असे, हे मला त्या दिवशी कळले. तीन टोके कशीही असली तरी एका पातळीत येतातच. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चार पायांचे काहीही ठेवण्याची चूक जुन्या लोकांनी केलेली नाही. ते स्टूल आता शेडमध्ये त्याच फरशीवर असते आणि तिथे ते अगदी अचल आहे.

खरा हिशेब चुकला तो टेबलात. नातीच्या अभ्यासासाठी दीड फूट रुंदीचे छोटे टेबल करायचे ठरवले. ९ इंची दोन फळ्या कडेला कड जोडून चिकटवल्या, आणि फळी वाकू नये म्हणून खालून तीन आडव्या पट्ट्या भरपूर गोंद आणि प्रत्येकी सहा स्क्रू लावून पक्क्या केल्या. तो ऑगस्ट होता. टेबल गुण्यात होते, गुळगुळीत होते, आणि मिस्त्रींना दाखवावे असे होते. पण ते काम संपवून गेले होते. पुढच्या एप्रिलमध्ये एका रात्री दोनच्या सुमारास कट्ट असा आवाज झाला. सकाळी पाहिले, तर वरच्या फळीला जोडाच्या शेजारून एका टोकापासून वीतभर चीर गेली होती. कडेला तिची रुंदी मोजली. बरोबर एक सूत.

मी गोंदाला दोष दिला, पण जोड शाबूत होता, फाटले होते ते शेजारचे लाकूड. झाले होते असे, की कापून, वाळवून, रंधून झाल्यावरही लाकूड हवेतला ओलावा घेत राहते आणि सोडत राहते. लांबीत त्याला नगण्य फरक पडतो; जो पडतो तो रुंदीत. ओला साग पूर्ण कोरडा होईपर्यंत वर्षवलयांच्या कडेकडेने सुमारे ५.८ टक्के आकसतो आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के. घरात एवढा टोकाचा फरक पडत नाही, पण पुण्याचा श्रावण आणि पुण्याचा चैत्र यांच्यामध्ये दीड फुटाची फळी सूतभर सहज हलते. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते एकमेकांना धरून ठेवतात. अख्ख्या लाकडाला असा कोणी धरणारा नसतो, आणि धरायला गेले की ते फाटते. माझ्या १८ स्क्रूंनी त्याला आकसायला जागाच ठेवली नव्हती. जागा त्याने स्वतः करून घेतली.

मे महिन्यात नातीच्या वाढदिवसाला औक्षणासाठी माळ्यावरून पाट काढला. आईच्या माहेरचा, एका फळीचा, कडेला पितळी फुल्या असलेला. पुसायला म्हणून उलटा केला आणि तसाच मांडीवर धरून बसलो. खाली दोन आडव्या पट्ट्या होत्या, माझ्या टेबलाला होत्या तशाच. पण एकही खिळा नव्हता आणि गोंदाचा मागमूसही नव्हता. फळीत तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी खाच आरपार कोरलेली होती, आणि तशाच आकाराची, एका टोकाला किंचित निमुळती पट्टी तिच्यात बाजूने ठोकून सरकवलेली होती. पट्टी फळीला वाकू देत नव्हती, पण आकसायला अडवतही नव्हती. पट्टीची दोन्ही टोके फळीच्या कडेबाहेर जराशी आली होती. लहानपणी पाट उचलताना हेच टोक बोटांना लागायचे, आणि सुताराने पट्टी थोडी लांब ठेवली असे मी समजत आलो होतो. मी नख लावून पाहिले. पाव सूत असेल, फार तर अर्धे. "आजोबा, पाट सरळ करा ना," नात म्हणाली, तेव्हा भानावर आलो.

टेबलाच्या पट्ट्या काढायला एक रविवार गेला आणि तशा खाचा कोरायला चार. तीनपैकी एक पट्टी सैल बसली आहे. चिरेपाशी फळी कापून पुन्हा जोडल्यामुळे टेबल दोन सुतांनी अरुंद झाले आहे, आणि त्यातले अर्धे सूत करवतीच्या घासाचे, हे यावेळी मी आधीच धरले होते. परवा, पाऊस लागून राहिला होता तेव्हा, पाट पुन्हा माळ्यावरून काढला आणि उलटा करून कडेवरून नख फिरवले. ते कुठेही अडकले नाही. पट्टी आणि फळी एका रेषेत आली होती.