काकांना मी जंगलात नेलं नाही

युगांडातल्या ब्विंडी जंगलाच्या दाराशी, बुहोमा गावच्या मुक्कामी पहाटे काका नाश्त्याला आले आणि चहाचा घोट घेण्याआधीच त्यांनी रुमाल तोंडाला लावला. खोकला छातीतला होता. काकू घाईघाईने म्हणाल्या, "गाडीतल्या एसीने झालंय हो, बाकी काही नाही."

"काका, ताप होता का रात्री?"

"कणकण होती थोडी. गोळी घेतली. आता ठणठणीत आहे."

काका सांगलीचे, निवृत्त शिक्षक. गोरिला बघायचे म्हणून त्यांनी पैसे साठवले होते. युगांडात एका माणसाच्या एका दिवसाच्या परवान्याला आता ८०० डॉलर पडतात, आणि त्या परवान्यावर गोरिलांसोबत मिळतो फक्त एक तास. एन्टेबेच्या विमानतळावरून इथवर दिवसभराचा रस्ता, शेवटी चहामळ्यांमधून वळणं घेत जाणारा. एवढं सगळं करून आलेल्या माणसाला जंगलाच्या दारात थांबवायचं, हे टूर मॅनेजर म्हणून माझ्या वाट्याला आलं.

पर्वतीय गोरिला जगात दोनच ठिकाणी उरले आहेत. रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरच्या विरुंगा ज्वालामुखी पर्वतांत, आणि युगांडातल्या या ब्विंडीच्या जंगलात. ब्विंडीत २०१८ साली झालेल्या गणनेनंतर दोन्हीकडचे मिळून १,०६३ भरले. कुठल्याही प्राणिसंग्रहालयात हा गोरिला नाही. जे आहेत ते एवढेच. त्यांच्या शरीराची घडण आपल्या इतकी जवळची की आपले आजार त्यांना सहज होतात, पण आपल्यासारखी प्रतिकारशक्ती मात्र त्यांच्याकडे नाही. १९९६ मध्ये याच ब्विंडीत माणसांकडून आलेली खरूज एका कळपात पसरली आणि एक पिल्लू दगावलं. डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका तेव्हा तिथे वन्यजीव पशुवैद्य म्हणून काम करत होत्या. आजूबाजूच्या गावांतल्या लोकांचं आरोग्य सांभाळल्याशिवाय गोरिला वाचणार नाहीत, हे त्यांनी त्या साथीतून ओळखलं आणि पुढे त्यासाठी संस्थाच उभी केली. २००९ मध्ये रवांडात एका कळपाला श्वसनाची साथ लागली. त्यात एक मादी आणि एक पिल्लू गेलं, आणि त्यांच्या शरीरात सापडला तो माणसांना सर्दी-खोकला देणारा विषाणू.

हे मी काकांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मास्क लावतो की. दोन लावतो, एकावर एक. आणि लांबच उभा राहतो."

"काका, लांब उभं राहणं आपल्या हातात नसतं."

ते काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, "मग मीही नाही जात." त्यावर मात्र काका ताडकन म्हणाले, "तू जा. दोघांचे पैसे कशाला पाण्यात घालायचे?" काकूंना ना ताप होता, ना घशात खवखव. तरी वनखात्याच्या कचेरीत गेल्यावर मी रेंजरना सगळं सांगितलं. त्यांनी काकूंना स्वतः विचारलं, तपासलं आणि मगच होकार दिला.

एका कळपाकडे दिवसाला फक्त आठच पाहुणे. माग काढणारे पहाटेच पुढे गेलेले असतात. आदल्या दिवशी कळप जिथे दिसला तिथून सुरुवात करायची, रात्रीची पाल्यापाचोळ्याची घरटी शोधायची (गोरिला रोज नवं घरटं करतात) आणि तिथून पुढचा माग धरायचा. त्यांचा निरोप रेंजरच्या वायरलेसवर येत राहतो. ब्विंडीत पायवाट अशी फारशी नसतेच, कोयत्याने वेली तोडत जायचं. पायाखाली जमीन नसून एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचा थर असतो. काकूंनी गावातला एक हमाल पोरगा सोबत घेतला होता. चढावर त्याने हात दिला नसता तर त्या वर पोचल्या नसत्या. हमाल घ्याच, असं मी सगळ्यांना सांगतो. तो पैसा थेट गावात जातो, आणि गावाला जंगलातून मिळकत झाली तरच फासे लावणं कमी होतं. ते फासे असतात रानडुकरांसाठी आणि छोट्या हरणांसाठी, पण त्यात गोरिलांचे हातपाय अडकतात.

कळप जवळ आला तसे मास्क चढवले, काठ्या ठेवल्या. रेंजरने घशातून खर्जात हुंकार दिला, "ह्म्म-ह्मम." आम्ही आलोय, भीती नाही, असं सांगणारा तो आवाज. झुडपातून तसाच हुंकार परत आला. मग सिल्व्हरबॅक, म्हणजे कळपाचा म्होरक्या नर, दिसला. बसलेला, पाठीवरचा रुपेरी पट्टा आमच्याकडे करून, देठ सोलून खात होता. आमच्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि पुन्हा खाण्यात गढला. माणूस जवळ आला तरी बिथरायचं नाही, ही सवय एका कळपाला लागायला दोन-तीन वर्षं जातात. रेंजर रोज जाऊन, थोडं थोडं अंतर कमी करत ती लावतात.

नियम निदान सात मीटरांचा होता, कोविडनंतर दहा झाला. आम्ही तेवढे लांब उभे होतो. पण एक पिल्लू वेलीवरून खाली घसरलं आणि सरळ काकूंच्या दिशेने आलं. रेंजर हलक्या आवाजात म्हणाला, मागे या. मागे उतार होता, निसरडा. काकू एक पाऊल सरकल्या, पाठ झाडाला टेकली. पिल्लू हातभर अंतरावर थांबलं. नाक वर करून त्यांच्या मास्ककडे बघत राहिलं, छातीवर दोनदा टपटप केलं, तोल जाऊन बसलं. रेंजरने फांदी हलवली तेव्हा आईकडे पळालं. काकूंनी एवढा वेळ श्वास रोखला होता. मला त्या क्षणी सकाळचा तो छातीतला खोकला ऐकू येत होता.

म्हणूनच मी या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. अंतराचा नियम आपल्यासाठी आहे, पिल्लाला तो ठाऊक नसतो. कोण आत जाणार, एवढंच आपल्या हातात असतं आणि तेही फक्त सकाळपर्यंत.

संध्याकाळी काकूंनी मोबाइलवर दाखवलं. काकांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. "इतकं जवळ आलं?" असं विचारून त्यांनी हाताने अंतर मोजलं. रात्री त्यांना १०१ ताप चढला. मी डॉक्टर बोलावला, तेव्हा काका मला म्हणाले, "पुढच्या वर्षी तारखा कधी आहेत ते बघून ठेव. आणि निघायच्या आधी आठवडाभर मला कुठल्या लग्नाला जायला सांगू नकोस, असं हिलाही सांग."