विहिरीतलं पीस

गोदाकाठच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवतो. मे महिन्यात प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत बसलो होतो, तेवढ्यात दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड घेऊन आला. "सर, विहिरीत सुरुंग लावला तवा निघाला. पीसच हाय बघा."

दगडावर खरोखर काळं, नाजूक पीस उमटलं होतं. भिंग लावलं आणि मन खट्टू झालं. पिसाला मधोमध दांडी असते, तिच्या दोन्ही अंगांनी तंतू ओळीने निघतात. इथे दांडीच नव्हती. फांद्या भेगेच्या कडेपासून फुटून वाटेल तशा पसरल्या होत्या. झिरपत्या पाण्याने सोडलेलं मँगनीज ते. आपला काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हजार अंशांहून तापलेला लाव्हा. त्यात पीस कुठून टिकायचं? लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये साचलेल्या तळ्यांचा गाळ असता तर गोष्ट वेगळी, तशा गाळात मुंबईत वरळीला बेडकांचे जीवाश्म सापडलेत. पण हा दगड निखळ पाषाण.

पोराचा चेहरा एवढासा झाला. मला बघवेना. "चल, विहीर दाखव," म्हणालो.

परतताना जायकवाडीचं पाणी ओसरलेल्या काठावर एक बगळा मरून पडलेला दिसला. वरची बाजू मुंग्यांनी साफ केलेली, नुसती हाडं. पोराने काठीने उलथला. खाली सडक्या अंड्याच्या वासाचा काळा गाळ, आणि त्यात रुतलेला पंख जसाच्या तसा, एकेक तंतू मोजून घ्यावा असा. भर उन्हात मी तिथेच उकिडवा बसलो. वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो ते समोर पडलं होतं.

ईशान्य चीनमधल्या ल्याओनिंगच्या तळ्यांत बारा कोटी वर्षांपूर्वीचे पक्षी असेच तळाला गेले. वरून ज्वालामुखीची बारीक राख, खाली प्राणवायू नसलेला गाळ. तिथल्या एका पक्ष्यात फुप्फुसाच्या खुणाही टिकल्याचं 2018 साली संशोधकांनी मांडलं. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की कुजवणारे जिवाणूच कधी कधी मऊ मांसावर फॉस्फेटचं खनिज साचायला मदत करतात; मांस जायच्या आत त्याचा ठसा दगडाचा होतो. आणि पिसांवरचे जे सूक्ष्म कण जिवाणूंचे म्हणून समजले जायचे, ते पिसाच्या रंगाचे, मेलॅनिनचे कण असल्याचं 2008 साली दाखवलं गेलं. त्यांच्या आकारावरून रंगाचा अंदाज बांधता येतो.

"मग सर, ह्यो बी टिकंल?"

"पांढऱ्या पिसात मेलॅनिन नसतं रे. कावळ्याचं पीस काळा ठसा सोडेल, बगळ्याचं अवघड. त्यात पावसाळ्यात पाणी चढलं की सगळं हलणार."

त्याने थोडा वेळ पंखाकडे पाहिलं. मग बगळा अलगद पालथा केला, ओंजळी भरभरून ओला गाळ त्याच्यावर टाकला आणि तळव्याने थापून बसवला. हात धोतऱ्याच्या पानांनी पुसून त्याने आपला दगड पुन्हा कागदात गुंडाळला.

"मँगनीज असलं तरी ऱ्हाऊ द्या सर," म्हणाला, "कपाटात ठेवू आपल्या."

ठेवलाय.