म्यूट

गुरुवार, रात्रीचा दीड

दुपारभर लाईट नव्हती (गुरुवार, पुणे, अजून काय) त्यामुळे प्रॅक्टिस बुडाली आणि तीन आठवडे टाळत होतो ते काम शेवटी हातात घेतलं, स्क्रिम्सची (दुसऱ्या टीमसोबतच्या सराव मॅचेसची) रेकॉर्डिंग बघून एक्सेल भरायचं.

कागदोपत्री मी कॉलेजच्या व्हॅलोरंट (पाच विरुद्ध पाच, गोळीबाराचा कॉम्प्युटर गेम) टीमचा मॅनेजर, ॲनालिस्ट आणि कोच. खरं सांगायचं तर पाचात न बसलेला सहावा, नेम यथातथा पण तोंड बंद होत नाही असा.

अर्धं सेमिस्टर तर अर्जातच गेलं. क्रीडा विभागाच्या सरांना ई-स्पोर्ट्सला मान्यता देणारं डिसेंबर २०२२ चं केंद्राचं नोटिफिकेशन प्रिंट काढून दिलं, २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये ब्राँझ आणलं तेही सांगितलं (तिथे ई-स्पोर्ट्स नुसतं प्रात्यक्षिक म्हणून होतं, हे मी गिळलं). सर म्हणाले, "घाम येतो का रे यात?" येतो की सर, लॅबचा एसी बंद असतो. मग लॅबचं वेगळंच, गेमचं अँटीचीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) टाकलं की पीसी रीस्टार्ट मागतं आणि तिथले पीसी रीस्टार्ट केले की टाकलेलं सगळं पुसून पहिल्यासारखे. दोन दिवस हेच गोल गोल. शेवटी लॅबवाल्या काकांनी पाच मशीनचं ते लॉक काढून दिलं, बदल्यात त्यांच्या मुलाला अकाउंट उघडून दिलं.

तर असेंट, गेममधला एक मॅप. आम्ही तिथल्या बी साइटवर स्पाइक (म्हणजे बॉम्ब) लावतो आणि तरी राउंड घालवतो, अकरातले सात. आता स्पाइक लावल्यापासून फुटायला ४५ सेकंद, डिफ्यूज करायला (निकामी करायला) ७, म्हणजे ३८ सेकंद समोरच्याला हात लावू दिला नाही की राउंड आपला. मध्ये कोणी साडेतीन सेकंद बसून अर्धा डिफ्यूज करून गेला तर गणित बदलतं, पण आमच्यावर ती वेळच येत नाही कारण त्याआधीच आम्ही मेलेलो असतो. आमचा बार्शीवाला ड्युएलिस्ट (पुढे घुसून भिडणारा) बी साइटबाहेरच्या बी मेनमध्ये गप उभा राहायचं सोडून दहाव्या-बाराव्या सेकंदाला पलीकडच्या मार्केटकडे डोकवायला जातो आणि खलास. एक्सेलमध्ये मी 'चूक कोणाची' असा कॉलमच केलाय, त्यात सातपैकी पाच वेळा त्याचं नाव. उद्या सगळ्यांसमोर झापायचं म्हणून पाच क्लिप कापून ठेवल्या.

आत्तापर्यंत सगळं आवाज बंद करून दीडपट स्पीडने बघत होतो. पहिली क्लिप नीट कापली गेली का बघायला हेडफोन लावले. आयजीएल (खेळताना कॉल देणारा कॅप्टन) म्हणतोय, "थांबा, टाइम खे..." आणि त्याच्यावर चढून दुसरा आवाज, "अरे तो लो आहे, पीक घे, पीक घे ना!" (म्हणजे त्याची हेल्थ कमी आहे, डोकावून मार.)

तो मी. कोच स्लॉटमधून.

पाचही ऐकल्या. चारमध्ये मीच. पाचव्यात मी काही बोललो नाहीये पण आयजीएल पण नाही बोललेला, सगळे नुसते थांबलेत, बहुतेक माझीच वाट बघत.

आणि टुर्नामेंटला राउंड चालू असताना कोचला बोलायची परवानगीच नाही, टाइमआउट मिळेल तेवढंच. मागच्या मॅचला पोरं मुक्यासारखी खेळली होती तेव्हा टपरीवर मीच ऐकवलं होतं, प्रेशर आलं की तुमची दातखीळ बसते म्हणून. आयजीएल काहीच बोलला नव्हता, क्रीमरोल चहात बुडवत बसला होता.

उद्या साडेपाचला स्क्रिम आहे, मी म्यूट. जमेल असं वाटत नाही, आज मेसच्या रांगेत पुढच्याच्या ताटात काय घ्यायचं तेही मीच सांगत होतो. 'चूक कोणाची' कॉलम डिलीट केला, मग परत आणला आणि चार ठिकाणी माझं नाव टाकलं. बार्शीवाल्याला मेसेज टाइप केला, खोडला, परत टाइप केला: उद्या पाचला टपरीवर ये, चहा माझ्याकडून, एक क्लिप दाखवायचीये, हेडफोन घेऊन ये.

दोन निळ्या टिका. हा पण जागाच आहे, रँक्ड (रँकसाठीच्या मॅचेस) खेळतोय नक्की.