आरसीवरचा बोजा आणि २०१३ ची स्विफ्ट

साताऱ्यात एक लाख बासष्ट हजार किलोमीटर चाललेली २०१३ ची डिझेल स्विफ्ट विकायला होती. ती घ्यावी की नाही, याचा यांत्रिक भाग एका सकाळी उरकला. कागदांचा भाग मात्र एका बँकेने इतका रखडवला की त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून गाडीविषयी थोडक्यात आणि बँकेविषयी सविस्तर लिहीत आहे.

मालक निवृत्त शिक्षक होते. पुण्याला मुलीकडे नेहमी जाणे-येणे असल्याने किलोमीटर वाढले, असे ते म्हणाले. हे प्रत्येक विकणारा सांगतो, म्हणून मी सर्व्हिसिंगची जुनी बिले मागून घेतली आणि त्यांवरील आकडे तारखांप्रमाणे वाढत गेले आहेत ना, हे पाहिले. गाडी आदल्या रात्रीपासून बंद ठेवण्याची विनंती केली होती, कारण गरम इंजिन बहुतेक दोष झाकते. इंजिन सुरू ठेवून मिस्त्रींनी ऑइलचे झाकण उघडले तेव्हा धूर जोराने बाहेर फेकला जात नव्हता, म्हणजे इंजिन आतून फार झिजलेले नव्हते. यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढत होता, पण वेग त्या मानाने वाढत नव्हता. म्हणजे क्लच संपत आला होता. त्याचा आणि पुढच्या सस्पेन्शनचा खर्च किमतीतून वजा करण्यास मालक तयार झाले. मारुतीने डिझेल गाड्या एप्रिल २०२० पासून बंद केल्या असल्या, तरी हेच १.३ लिटरचे इंजिन डिझायर, रिट्झ, अर्टिगा आणि टाटाच्या व्हिस्टातही होते, त्यामुळे सुट्या भागांची मला चिंता नव्हती. गाडी घेण्याजोगी होती.

अडले ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर. कार्डावर कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव तसेच होते, म्हणजे गाडीवर त्या बँकेच्या कर्जाचा बोजा नोंदलेला होता. “कर्ज २०१८ सालीच फिटले, मग बोजा कसला?” असे सरांनी मला विचारले. कर्ज फिटले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा ना हरकत दाखला आणि कर्जदार व बँक या दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३५ आरटीओकडे गेल्यावरच तो निघतो, आणि तो निघाल्याखेरीज किंवा बँकेने संमती दिल्याखेरीज फॉर्म २९ व ३० भरूनही गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

ती बँक १ एप्रिल २०२० रोजी दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. जुन्या शाखेच्या जागी आता कपड्यांचे दुकान आहे. नव्या शाखेत आम्हाला सांगण्यात आले की हे कर्जखाते संगणकावर दिसतच नाही, कारण ते विलीनीकरणापूर्वीच बंद झाले होते. दिसत नाही म्हणजे येणे बाकी नाही, मग तसे लिहून द्या, असे मी म्हणालो, तर जे खाते दिसत नाही त्याविषयी लिहून कसे देणार, असा उलट प्रश्न आला. शिवाय मी खातेदार नसल्याने माझ्याशी बोलायलाच तेथे कोणी तयार नव्हते. प्रत्येक वेळी सत्तरीच्या सरांना सोबत न्यावे लागे आणि बाकावर बसवून ठेवावे लागे. कर्जाचा अधिकारी कधी रजेवर, कधी बैठकीत, आणि जागेवर असलाच तर ‘वरून माहिती मागवली आहे’ एवढेच त्याचे उत्तर. सरांच्या ट्रंकेत कर्जाचे जुने मंजुरीपत्र सापडले आणि त्यावरच्या क्रमांकामुळे खाते अखेर मिळाले. दाखला आला, पण त्यात चॅसिस क्रमांकाचा एक अंक चुकलेला. तो दुरुस्त होऊन येईपर्यंत दाखल्याची ९० दिवसांची मुदत चालूच होती. पुढे आरटीओने विलीनीकरणाचा पुरावा मागितला, आणि ती मागणी रास्तच होती, कारण आरसीवर एक बँक आणि दाखल्यावर दुसरी. केंद्र सरकारच्या राजपत्रातील अधिसूचनेची प्रत जोडल्यावर तो प्रश्न मिटला. ही प्रत जोडायला हवी, हे दाखला देणाऱ्या बँकेने एका वाक्यात सांगायला काय हरकत होती, हे मला आजही कळलेले नाही.

याच काळात एक एजंट सुचवत होता की पैसे देऊन गाडी घेऊन जा, बोजाचे नंतर पाहू. मी किरकोळ इसार दिला होता आणि बोजा उतरल्यावरच उरलेली रक्कम देईन, असे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या होत्या. हा कागद नसता तर एक तर माझा धीर सुटला असता किंवा सरांनी दुसरे गिऱ्हाईक पाहिले असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागदपत्रे परत करणे आणि बोजा हटवणे बँकेला बंधनकारक आहे, आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. सरांचे कर्ज त्याआधीच फिटलेले असल्याने या नियमाचा उपयोग झाला नाही. ज्यांचे कर्ज अलीकडे फिटले आहे, त्यांनी तो अर्जात अवश्य नमूद करावा.

आधी सांगायचे राहिले ते असे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल, तर बोजा उतरवण्याचे आणि नाव बदलण्याचे काम आरटीओत अडते, म्हणून ती मालकाकडून आधीच बसवून घ्यावी. प्रलंबित ई-चलनेही त्यांनाच भरायला लावावीत. किंमत ठरवताना नोंदणीची पंधरा वर्षे कधी संपतात हेही पाहावे. माझ्या गाडीची २०२८ मध्ये संपतील, आणि नूतनीकरणाचे शुल्क २०२२ पासून ५,००० रुपये झाले आहे. पर्यावरण कर आणि तपासणीआधीची डागडुजी वेगळी. गाडी हाती आल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्यावा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यातील फरक आपल्याला भरावा लागतो. तो मी किंमत ठरवतानाच सरांशी बोलून घेतला होता.