पान लागलं

मी सोलापूर शहरात वाढले. नर्सिंगचं जीएनएम झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडलं आणि कंत्राटी भरतीच्या यादीत माझ्या नावापुढे सिंधुदुर्ग जिल्हा लागला. करार ११ महिन्यांचा. आईला काळजी एकच, की पोरगी मासे कशी खाणार. मला काळजी रात्रपाळीची होती. भाषेची काळजी करावी हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. मराठीच तर आहे!

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे दोन तक्रारी येणार आहेत. समुद्रापासून जवळ, मागे कातळाचा सडा, जांभ्याची भिंत, ३० खाटा. पहिल्या दिवशी एका आजोबांना विचारलं, "काय होतंय?" ते म्हणाले, "तू खंयची गो? घाटावरची काय?" ओपीडीतल्या अर्ध्या रांगेला माझं गाव कळलं, मग आजोबांचं पोट तपासायला वेळ मिळाला. इथे आधी तुमची चौकशी होते आणि मग त्यांची. सुरुवातीला याचा राग यायचा. आता मी स्वतःच आधी सांगून टाकते.

जूनचा पहिला आठवडा होता, पाऊस नुकता लागलेला. रात्री आठच्या सुमारास एक सून सासूला घेऊन रिक्षातून आली. सासू साठीच्या पुढची, चालत आत आली, स्टुलावर बसली. मी विचारलं, "काय झालं आजी?"

"काय नाय गो बाय. पायाक वायच पान लागला."

मी पाय पाहिला. घोट्याजवळ थोडी सूज, दोन बारीक ठिपके. आजी दुपारी मांगराजवळ पातेरो गोळा करत होती, असं सून म्हणाली. पातेरो म्हणजे वाळका पाला, एवढं एव्हाना कळलं होतं. आजीच्या ओठांच्या कडा लालसर होत्या, म्हणजे पान खाणारी बाई. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं: पाल्यात काहीतरी खाजरं होतं, ते पायाला लागलं. केसपेपरवर मी लिहिलं, "पान लागले, ॲलर्जी?" आणि एविलचं इंजेक्शन शोधायला कपाट उघडलं.

आमचे वॉर्डबॉय, ज्यांना सगळे मामा म्हणतात, दारात उभे होते. त्यांनी केसपेपर वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "सिस्टर, ह्या पान झाडाचा न्हय. जनावर."

सापाचं नाव संध्याकाळनंतर घ्यायचं नाही, हे माझी बार्शीची आजीसुद्धा पाळायची. तीही जनावरच म्हणायची. पण "पान लागणं" माझ्या कानावरून कधी गेलं नव्हतं, किंवा गेलं असेल आणि मी शहरात ते विसरले असेन. पुढच्या अर्ध्या मिनिटात मी आजीला तोंड उघडायला लावलं. पानाचा वास नव्हता. हिरड्यांतून रक्त येत होतं.

कोकणात फुरसे हा साप कुणाला नवीन नाही. हातभरही लांब नसतो, जांभ्याच्या गडग्यात, दगडांच्या ढिगात, पाल्याखाली असतो. चावल्यावर फार काही वाटत नाही, म्हणून माणूस घरी जातो, जेवण करतो. आजीनेही चारला दंश झाल्यावर भाकऱ्या थापल्या होत्या. तोवर विष रक्तातलं गोठण्याचं सामान संपवत असतं.

डॉक्टर आले आणि म्हणाले, "रक्त घ्या, काचेत."

ही चाचणी इतकी साधी आहे की पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. शिरेतून दोन मिली रक्त घ्यायचं, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालायचं आणि २० मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच तिरपी करायची. गोठलं असेल तर रक्त जागेवर राहतं, नसेल तर पाण्यासारखं वाहतं. नळी प्लास्टिकची चालत नाही, कारण रक्ताला गोठायला काचेचा पृष्ठभागच चेतवतो. साबणाने धुतलेली काचही फसवते. आणि इथे माझी पहिली तक्रार: स्टोअरमधून तेव्हा प्लास्टिकच्याच नळ्या येत होत्या, काचेच्या नळ्यांच्या मागणीचा कागद, इंडेंट, महिनोन्‌महिने फिरत होता. आमच्या इनचार्ज बाईंनी १२ काचेच्या नळ्या औषधांच्या कपाटात, कापसाच्या गुंडाळीमागे लपवून ठेवल्या होत्या. "चोरीला जातात म्हणून नाही हो," त्या म्हणाल्या, "कुणीतरी लघवी तपासायला नेतं."

ती २० मिनिटं. कुणी मला विचारलं की नर्सिंगमध्ये काय शिकलीस, तर मी ती २० मिनिटं सांगेन. नळी टेबलावर उभी. बघायची इच्छा होते, हलवायची इच्छा होते, सून दर दोन मिनिटांनी विचारते, "झाला काय?" तोवर सलाईन लावलं, बीपी घेतला, सुजेची कड पेनने आखून तिथे वेळ लिहिली, ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवलं. सापाच्या विषावरची लस दिल्यावर अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला तर ते शोधायला वेळ नसतो. मग नळी तिरपी केली आणि रक्त वाहिलं.

दहा व्हायल एएसव्ही, म्हणजे तीच लस. पांढरी भुकटी असते, प्रत्येकीत १० मिली पाणी घालायचं आणि बाटली तळहातात गोल गोल फिरवायची. जोरात हलवली की फेस होतो आणि औषध वाया जातं. दहा बाटल्या फिरवून माझी मनगटं दुखायला लागली. मामांनी चार फिरवल्या. नियमात बसतं की नाही ते मला विचारू नका. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, ती घोड्याच्या रक्तापासून होते, आणि तिच्यासाठी लागणारं विष तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. म्हणजे तिकडच्या कुणीतरी पकडलेल्या सापाच्या विषावर सिंधुदुर्गातल्या आजीचा पाय अवलंबून. हे डॉक्टरांनी त्या रात्री चहा पिताना सांगितलं, मी तेव्हा फक्त मान डोलावली.

लस चालू झाल्यावर पाव तासात आजीला थंडी भरली, पोटावर गांधी आल्या. लस थांबवली, ॲड्रिनलिन मांडीत दिलं, थोड्या वेळाने पुन्हा हळूहळू सुरू केली. सहा तासांनी पुन्हा काचेची नळी, पुन्हा २० मिनिटं. पहाटे चार वाजता रक्त नळीच्या तळाशी घट्ट बसून राहिलं. मी ती तिरपी नळी मामांना दाखवली, सुनेला दाखवली, झोपलेल्या आजीलाही दाखवायला निघाले होते.

केसपेपरवरचं "ॲलर्जी?" मी खोडलं नाही. त्याच्याखाली नवीन ओळ लिहिली आणि सही केली. डॉक्टर ते वाचून काही बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी प्रश्न विचारायची पद्धत बदलली. आधी मी विचारायचे, "गावठी औषध केलं का?" शंभरातले शंभर नाही म्हणायचे. जखमेवर हिरवा लेप दिसत असतानाही नाही म्हणायचे, कारण माझ्या आवाजात आधीच ओरडा होता. आता मी म्हणते, "आधी काय लावलंय ते सांगा, मला पुसायला तसं पाणी घ्यायला लागेल." लगेच सगळं बाहेर येतं: पाला कुठला, कुणी दिला, चिरा मारला का, दोरी कुठे बांधली, कधी बांधली. दोरीचं कळणं फार महत्त्वाचं. घट्ट बांधलेली दोरी सलाईन आणि लस तयार नसताना सोडली तर पेशंट डोळ्यांसमोर ढासळू शकतो.

समुद्राकडच्या लोकांचं मात्र वेगळं. एकदा दुपारी एक खलाशी उजवा हात डाव्या हाताने धरून आला. चेहरा पिळलेला. "शिस्टर, गरम पाणी आसा काय?" मला वाटलं घसा कोरडा पडलाय. मी थर्मासमधून ग्लासभर पाणी दिलं. त्याने ग्लासकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि इतक्या वेदनेतही हसला. "पिऊक नको गो. पाकटान मारल्यान. बादली होयी." पाकट माशाच्या काट्याचं विष उष्णतेने निकामी होतं, हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर बुडवला की कळ उतरते, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. शिंगाळ्याच्या काट्यालाही तोच उपाय. खलाशाला ते आजोबापणजोबांपासून ठाऊक होतं. मी एवढीच भर घातली की पाणी आधी त्याच्या चांगल्या हाताने आणि माझ्या कोपराने तपासून घेतलं, कारण दुखऱ्या बधिर हाताला भाजलेलंही कळत नाही.

आंब्याच्या बागांत राखणदार बरेचदा नेपाळी असतात. त्यांच्यापैकी एकाने पोटाला हात लावून "दुख्छ" म्हटलं, तेव्हा मी थबकले. माझं दुखतंय, इथलं दुखता आणि त्याचं दुख्छ. त्याच्याशी बोलणं मला पहिल्या महिन्यातल्या मालवणीपेक्षा सोपं गेलं. काजूच्या दिवसांत सालीच्या तेलाने बोटं काळी पडून सोललेल्या बायका येतात, त्यांना फार काही विचारावं लागत नाही, हातच सांगतात.

विंचवाचं मात्र अजून भय वाटतं. एका रात्री दोन मुलं एकाच वेळी आली, वेगवेगळ्या वाड्यांतून. एक जण इतका रडत होता की ओपीडी डोक्यावर घेतली होती. दुसरा सहा-सात वर्षांचा, आईच्या खांद्यावर गप्प पडून होता. मी रडणाऱ्याकडे धावले. इनचार्ज बाईंनी मला दंडाला धरून दुसऱ्याकडे वळवलं. त्याचे हातपाय गार, अंग घामाने भिजलेलं, एकदा उलटी झालेली. तांबड्या विंचवाच्या विषाने शरीरातली रसायनं उसळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरू शकतं. कळ लागून किंचाळणारं पोर बहुतेक वेळा सुरक्षित असतं, गार पडलेलं गप्प पोर नसतं. त्याला प्राझोसिन दिलं. ही खरं तर रक्तदाबाची गोळी. ती विंचूदंशात वापरायची वाट महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवली, आपल्या कोकणातच, पेशंटच्या उशाशी बसून. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या ड्युटीरूममध्ये पेढे वाटले गेले. गोळी दिल्यावर मुलाला उठून बसू द्यायचं नाही, बीपी एकदम पडतो. ते पोर बरं वाटायला लागल्यावर सारखं उठायला बघायचं, आणि पहाटेपर्यंत त्याला आडवं ठेवणं हेच माझं काम होतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या सगळ्या गोष्टी त्या रात्री संपल्या.

दुसरी तक्रार थोडक्यात. व्हेंटिलेटर लागला की ओरोस, नाहीतर थेट गोव्याला बांबोळी. १०८ मिळते, चालकही जीव तोडून नेतात. पण मण्यारीचा दंश झालेला, पापण्या मिटत चाललेला माणूस त्या वळणांवरून नेताना श्वास देणारी अंबू बॅग हाताने दाबणाऱ्याला रस्ता किती लांब वाटतो, हे व्हेंटिलेटर कुठे द्यायचे याची यादी करणाऱ्यांनी एकदा मागे बसून पाहावं.

आता आणखी एका आजोबांविषयी. पंचक्रोशीत विष उतरवण्यासाठी त्यांचं नाव होतं. अर्धवट लेप लावलेले पेशंट त्यांच्याकडूनच यायचे, उशिरा. मी मनातल्या मनात त्यांना बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. एका संध्याकाळी ते स्वतःच आले, नातवाला घेऊन, भाड्याच्या गाडीतून, दंश झाल्यापासून पाऊण तासात. ना लेप, ना दोरी. मी काही विचारलं नाही. काचेच्या नळीजवळ ते पूर्ण २० मिनिटं माझ्यासोबत बसले. नळी तिरपी केली तर रक्त गोठलेलं. तरी नातवाला रात्रभर ठेवून घेतलं, पुन्हा पुन्हा नळी लावली.

सकाळी निघताना त्यांनी माझ्याकडे एक नळी मागितली. "माका येक दी. घराकडे बघीन." मी नाही म्हटलं. पहिल्यांदा गोठलं म्हणजे विष नाही असं होत नाही, ते काही तासांनी बिघडतं. त्यांच्या घरात नळी असती तर गोठलेलं बघून त्यांनी कुणाला तरी घरीच ठेवलं असतं. हे मी त्यांना सांगितलं, पण नीट सांगता आलं का कोण जाणे. ते रागावले. जाताना मागे वळून पाहिलं नाही. मी वर म्हटलं, "आजोबा, काय करायचं ते करा, पण दंश कितीला झाला ती वेळ मला हवी. बाकी काही नको." बोलल्यावर वाटलं, बाकीही बरंच काही हवं होतं.

ऑगस्टमध्ये त्यांच्या वाडीतली एक मुलगी आली. बांधलेलं काही नव्हतं, चिरा नव्हता. कपाळाला अंगारा होता, तो मी पुसला नाही. डाव्या मनगटावर निळ्या बॉलपेनने, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: ४.२०.

मी घड्याळ पाहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. कापसाच्या गुंडाळीमागे हात घातला आणि नळी काढली.